गोड्या पाण्यातली पोरं

आमच्या घरात कोळंबी दोन ठिकाणी असे. एक स्वयंपाकघरात, कढईत, आणि दुसरी माझ्या खोलीत, काचेच्या टाकीत. पहिलीवर सगळ्यांचा जीव होता, दुसरीवर फक्त माझा. "लोकं कोळंबी खातात, आमची पोरगी कोळंबीला जेवायला घालते," असं बाबा आल्यागेल्याला सांगत आणि पाहुण्याच्या हाताला धरून त्याला माझ्या खोलीत आणत. पाहुणा वाकून बघे. आधी त्याला नुसतं शेवाळ दिसे, मग त्या शेवाळात काहीतरी लाल हलताना दिसे, आणि तो हमखास विचारी, "मोठी किती होतात?" मी बोटाचं दीड पेर दाखवी. त्याचा चेहरा पडे. एवढ्याशा कोळंबीचं कालवणसुद्धा होणार नाही, मग पाळायची कशाला, हा प्रश्न तो भिडेखातर गिळून टाकी. आई मात्र गिळत नसे. "त्या टाकीपायी लाईट चोवीस तास जळतो, त्यापेक्षा अभ्यासाला बसताना जाळ," असं ती दिवसातून एकदा तरी म्हणे. लाईट आठच तास जळत असे, पण आईशी हिशेबाने वाद घालण्यात अर्थ नव्हता.

टाकी दोन फुटी होती. ती मला दहावीच्या निकालाबद्दल मिळाली होती. बाबांनी सोन्याचे कानातले विचारले होते, मी टाकी मागितली. मुनीरभाईंचं पाळायच्या माशांचं दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत पिठाच्या गिरणीला लागून होतं, त्यामुळे त्यांच्या सगळ्या काचांवर पिठाचा एक थर कायम असे. शब्द जपून वापरणारा माणूस. मी मासे घ्यायला गेले होते. त्यांनी मला त्या लाल कोळंब्या दाखवल्या आणि म्हणाले, "मासे सगळेच पाळतात बेटा. ह्या बघ, दिवसभर कामात असतात." त्या खरोखरच कामात होत्या. पुढचे चिमुकले पाय हलवत पानावरून काहीतरी टिपत होत्या, तोंडात घालत होत्या, परत टिपत होत्या, एखादी बाई निवडण-टिपण करत बसावी तसं. पण त्या दिवशी त्यांनी मला एकही दिली नाही. झाडं दिली, वाळू दिली आणि सांगितलं, महिनाभर पाणी पिकू दे. पाणी पिकू द्यायचं हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले. नव्या पाण्यात जीव जगत नाही. झाडं धरली, काचेवर हिरवट बुळबुळीत थर आला, पाण्याला स्वतःची अशी सवय लागली की मग जीव सोडायचा. मी सव्वा महिना थांबले. इतका धीर मी पुढे आयुष्यात कशासाठीही धरलेला नाही, आणि त्याच टाकीसाठी पुढे एकदा धरला असता तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

टाकीत कोळंब्या आल्या त्याच सुमाराला खोलीत आजा आला. आजा म्हणजे बाबांचे वडील. आई-बाबा त्याला दादा म्हणत, मी आजा म्हणे आणि त्याला अरे-तुरे करी, आमच्यात तशीच रीत आहे. त्याचा सगळा जन्म मिठागरात गेला होता. खाजणात भराव पडला, मिठागरं गेली, मग गावातलं घरही गेलं, आणि सत्तरी ओलांडलेला आजा पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माझ्या खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर येऊन बसला. मला विचारलं कुणीच नाही. विचारायचं तरी काय होतं, घरात खोल्याच दोन. त्याच्या विड्यांचा वास, त्याचा घसा खाकरण्याचा आवाज, मी अभ्यासाला बसले की नेमका बरोबर चालू होणारा त्याचा लहानसा रेडिओ, हे सगळं माझ्या खोलीत आलं. मैत्रिणींना घरी बोलवायचं मी बंद केलं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात ह्याचा वाटा आहे, आणि बरीच वर्षं तो नाही असं मी स्वतःला सांगत आले.

पाणी म्हटलं की ते चाखून बघायचं ही आज्याची जन्माची खोड. मिठागरात पाणी कितपत आटलंय, मीठ धरायला अजून किती दिवस लागतील, हे तो बोट बुडवून जिभेला लावून सांगत असे म्हणे. आमच्या घरी आल्यावर तो नळाचं पाणी असंच चाखे, आमटी चाखे, एकदा त्याने बेसिनखालच्या बादलीतलं धुण्याचं पाणीही चाखलं. येताना त्याने एक पत्र्याचा डबा आणला होता. त्यात त्याच्या आगरातलं शेवटचं मीठ होतं, करड्या रंगाचं, जाड खड्यांचं. पुडीतलं मीठ त्याला चालत नसे. आई सुकटीची चटणी करी, तांदळाची भाकरी करी, आणि तो डब्यातला एक खडा भाकरीच्या काठावर ठेवून मोडून मोडून खाई. "मीठ सांडू नको बाय," तो मला सांगे, "देव पापनीन वेचाय लावतो." तो स्वतः कधी एक खडाही सांडत नसे. बाकीच्या बाबतीत मात्र त्याचं डोकं सांडायला लागलं होतं.

आधी लहानसहान गोष्टी झाल्या. गॅसवर चहा ठेवला आणि विसरला, पातेलं जळून काळं झालं. मग एका दुपारी बांध फुटलाय असं म्हणत तो नुसत्या लंगोटीवर बाहेर पडला, आणि कळंबोलीच्या वाटेवर एका ट्रकवाल्याने त्याला ओळखून आणून सोडलं. बाबा कळंबोलीच्या लोखंडबाजारात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होते, म्हणून ओळख निघाली. मग गच्चीवरच्या टाकीचा प्रकार झाला. मिठागराला समुद्राच्या बाजूने एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरतीच्या वेळी ती उघडायची, पाणी आत घ्यायचं, आणि ती वेळ चुकली तर दिवस फुकट जातो. आज्याला एका सकाळी वाटलं, भरती आली. तो जिना चढून गच्चीवर गेला आणि त्याने टाकीचा मोठा व्हॉल्व उघडला. बिल्डिंगची टाकी रिकामी झाली, जिन्यावरून पाणी वाहिलं, लिफ्ट बंद पडली. सोसायटीचे सेक्रेटरी घरी येऊन जे बोलले ते बाबा मान खाली घालून ऐकत होते. सेक्रेटरी गेल्यावर बाबा जेवायला बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "कर्जतच्या अलीकडे एक वृद्धाश्रम आहे. मी बघून आलोय. आता एक जरी गोष्ट झाली ना, तर दादाला तिकडे ठेवणार. मग मला कुणी काही सांगायचं नाही." आजा समोरच बसला होता. त्याने भाकरी खाली ठेवली आणि म्हणाला, "नाय रं. आता नाय करनार." शाळेतली मुलं म्हणतात ना, अगदी तसं.

आणि त्याने खरंच केलं नाही. त्याला टाकी सापडली. मी कॉलेजला गेले की तो खाट टाकीच्या जवळ ओढून घेई आणि संध्याकाळपर्यंत बसून राही. पाण्याकडे बघत बसणं हेच त्याचं काम होतं आयुष्यभर, ते त्याला परत मिळालं. आईचा जीव भांड्यात पडला. दार उघडं राहिलं तरी तो बाहेर जाईना. मी आल्यावर तो मला सगळं सांगे, ही त्या पानाखाली गेली, ती दुसरीच्या तोंडातला घास घेऊन पळाली. कोळंबी वाढताना अंगावरचं जुनं कवच टाकते, ते पांढरं, पोकळ, अगदी कोळंबीच्याच आकाराचं असतं. ते पहिल्यांदा बघून तो मेली मेली म्हणत रडायला आला होता. मी त्याला समजावलं. दुसऱ्या वेळी परत समजावलं. मग तो पाहुण्यांना समजावायला लागला, "मेली नाय ती. कपरा बदललान तिना." खरं सांगायचं तर ते काही महिने मला तो आवडायला लागला होता. रेडिओसुद्धा त्याने बंद केला, कोळंब्यांना त्रास होईल म्हणून.

एकच गोष्ट त्याच्या डोक्यात शिरेना. दर दोन-तीन दिवसांनी तो बोट बुडवून चाखे आणि माझ्याकडे संशयाने बघे. "पानी गोड हाय, बाय." मी सांगे, ह्या गोड्या पाण्यातल्याच कोळंब्या आहेत. "गोड्या पान्यात कोलबी कशी जगल?" नदीत असतात, आजा, ओढ्यात असतात. "मंग ती कोलबी नाय." मग काय आहे? ह्यावर तो हसे आणि विषय सोडून देई, आणि परवा परत तेच. दिसायला साधी गोष्ट, पण त्याने सत्तर वर्षांत खारं पाणी सोडून कोळंबी पाहिली नव्हती, आणि आपण ज्याला जन्मभर बघितलं त्याबद्दल नातीने सांगितलेलं किती दिवस लक्षात राहणार.

पहिली मादी अंड्यावर आली ते त्यानेच आधी पाहिलं. तिच्या पोटाखाली पिवळसर दाण्यांचा झुबका होता आणि ती पोटाखालचे पाय हलवून त्याला सारखा वारा घालत होती. आज्याने आईला हाक मारून बोलावलं, तुझी पोरगी आजी झाली म्हणून. आई हसली. तीन-चार आठवड्यांनी शेवाळात मिशीच्या केसाएवढी पिल्लं दिसायला लागली, आरपार दिसणारी, फक्त डोळ्यांचे दोन ठिपके काळे. आजा त्यांना पिल्लं म्हणत नसे, पोरा म्हणे. आमच्या बोलीत पोरा म्हणजे पोरं. "आज पोरा खाली उतारली," "पोरांना काकडी घाल," "पोरा किती झाली बग." मोजता मोजता तो विसरे आणि परत पहिल्यापासून सुरू करी. शंभराच्या वर तरी असतील. मुनीरभाई म्हणाले, आता तू मला विकत दे, बेटा. मला केवढा अभिमान वाटला होता.

मग गोगलगायी झाल्या. झाडांबरोबर दोन-चार बारीक गोगलगायी आल्या असाव्यात, त्यांच्या बघता बघता शेकडो झाल्या. काचेवर गोगलगायी, पानांवर गोगलगायी, काकडीच्या चकतीवर कोळंबीला जागा नाही एवढ्या गोगलगायी. मुनीरभाईंना विचारलं तर म्हणाले, "हाताने वेच. रोज थोड्या. खाणं कमी घाल, आपोआप कमी होतील." मी आठवडाभर वेचल्या आणि कंटाळले. स्टेशनजवळच्या दुसऱ्या एका दुकानात औषधाची बाटली मिळाली, तिच्यावर गोगलगायीचं चित्र आणि त्यावर लाल फुली. अजून काय वाचायचं असतं? एका सकाळी, कॉलेजला निघायच्या घाईत, मी टाकीत एक झाकण ओतलं, आणि लवकर गुण यावा म्हणून वर अजून एक ओतलं. बाटली कपाटात पुस्तकांच्या मागे ठेवली. आजा तेव्हा आंघोळीला गेला होता. आईला मी काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

दुपारी एकच्या सुमाराला घरी आले तर आज्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते आणि मिठाचा डबा टाकीशेजारी कलंडला होता. टाकीच्या वाळूवर करडे खडे दिसत होते, अजून विरघळायचे होते. आणि त्यांच्यावर, झाडांवर, शेवाळावर, सगळीकडे कोळंब्या आडव्या पडल्या होत्या. मेलेली कोळंबी लाल राहत नाही, शिजवल्यासारखी फिकट गुलाबी होते. एक-दोघी अजून पाठीवर पडून पाय हलवत होत्या. आजा त्यांना बोटाने सरळ उभं करत होता. सोडलं की त्या परत आडव्या होत. मला बघून तो म्हणाला, "बाय, पोरा तरफरत व्हती. गोड पानी लागला त्यांना. म्हनून मी मीठ घातला." हे त्याचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. आधी तडफडत होती, मग मीठ घातलं. क्रम त्याने बरोबर सांगितला होता आणि मी तो ऐकला होता. ऐकून मी ओरडले, "तू मारलीस. सगळी मारलीस तू. वेडा आहेस तू, वेडा." आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिने टाकी बघितली, डबा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. आजा माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने डबा उचलला, आत एक-दोन खडे राहिले होते, ते वाजवून बघितले आणि म्हणाला, "मी मारली?"

संध्याकाळी बाबा आले तोपर्यंत त्याचा क्रम बदलून गेला होता. मी त्याला दुपारभर जे ऐकवलं तेच त्याच्या डोक्यात बसलं. "मी मीठ घातला, पोरा मेली," तो बाबांना म्हणाला. बाबा रागावले नाहीत. तेच जास्त वाईट होतं. ते टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले आणि मला म्हणाले, "रडू नको. उद्या तुझ्या अंगावर काही ओतलं असतं तर?" बाबांनी फोन केला. रविवारी घेऊन या, असं पलीकडून सांगितलं. तो मंगळवार होता.

गुरुवारी मी मुनीरभाईंकडे गेले. नव्या कोळंब्या हव्या होत्या मला. दोन दिवस रडून झाल्यावर मी नव्या आणायला गेले, हेही लिहून ठेवते. त्यांना सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, आज्याच्या वेडेपणाबद्दल. ते ऐकत होते, हातातलं काम थांबवून. "किती मीठ टाकलं?" दोन मुठी असेल. "साठ लिटरला दोन मुठी?" त्यांनी मान हलवली. "एवढ्याने ही अशी तडकाफडकी मरत नाही, बेटा. मी बाहेरून आणलेल्यांना स्वतः मिठाच्या पाण्यात ठेवतो कधी कधी. अजून काय टाकलंस?" मी म्हटलं, काही नाही. मग म्हटलं, गोगलगायीचं औषध. त्यांनी बाटलीचं नाव विचारलं आणि मी सांगितल्यावर ते स्टुलावर बसले. "त्यात मोरचूद असतं. तांबं. मासा सोसतो एखाद वेळ, कोळंबी नाही सोसत. बाटलीवर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "होतं असं. म्हाताऱ्याला सांग जाऊन, त्यांची काही खता नाही, काही चूक नाही. त्यांच्या जिवाला लागलं असेल." मी हो म्हटलं. घरी येऊन कपाटातली बाटली काढून वाचलं. लिहिलेलं होतं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. एवढे दिवस माझ्याकडे होते. एक वाक्य बोलायचं होतं. बाबांचा मार मी कधी खाल्ला नव्हता, त्यामुळे भीती वाटली असं म्हणायची सोय नाही. शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले ती सांगायचंच ठरवून. आई आज्याचे कपडे पिशवीत भरत होती. तिने वर न बघता म्हटलं, "तुझी खोली तुला परत मिळेल आता. बारावीचं वर्ष आहे. नीट अभ्यास कर." आणि माझ्या डोळ्यांसमोर खोली आली. एकच खाट, टेबल खिडकीपाशी, दार लावून बसलेली मी. मी आईला विचारलं, "ती खाट पण काढायची का?" आई म्हणाली, "बघू." बाटली मी कचऱ्याच्या पिशवीत तळाशी घातली आणि वरून कांद्याची सालं टाकली. लोक म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं. मी ज्याचं मीठ खाऊन वाढले तो माणूस खोलीत कोळंब्या नसलेल्या टाकीसमोर बसला होता, आणि मला खिडकीपाशी टेबल हवं होतं.

रविवारी सकाळी बाबांनी रिक्षा बोलावली. आज्याने धुतलेला सदरा घातला होता. जिन्यापाशी तो थांबला आणि बाबांना म्हणाला, "किती दिस?" बाबा म्हणाले, "बघू, दादा. तब्येत बरी होऊ दे." "तब्येत बरी हाय माजी." बाबांनी पिशवी उचलली. मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या जवळ विड्यांचा वास होता, नेहमीचा. "बाय, मी आलो ना, की तुना दुसरी आनून देन. करंज्याला चांगली भेटतात." करंजा हे मासेमारीचं बंदर, तिथली कोळंबी वीतभर मोठी. मी मान हलवली. तो रिक्षात बसला आणि रिक्षा वळेपर्यंत समोर बघत होता, मागे नाही. मी वर आले, दार लावलं, आणि त्या दुपारी मला गाढ झोप लागली. झोप लागली नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं.

चार महिन्यांनी परीक्षा संपली आणि मी बाबांबरोबर त्याला भेटायला गेले. एवढ्या दिवसांत बाबा दर पंधरा दिवसांनी जात, मी अभ्यासाचं कारण सांगे. आजा अंगणात सिमेंटच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला होता, अर्धा झाला होता. बाबा ऑफिसात बोलायला गेले आणि मी त्याच्याजवळ बसले. त्याने मला ओळखलं नाही. माझ्याकडे बघून हसला मात्र, अनोळखी मुलीकडे म्हातारी माणसं हसतात तसं. मग आपणहून सांगायला लागला. "मना पोरा व्हती. लय. शंबराच्या वर." त्याने टाकीकडे बोट दाखवलं. "समदी मेली. पान्यात. माज्या हातान मेली." तिथल्या देखभाल करणाऱ्या मावशी बाजूने जात होत्या, त्या थांबून मला हळूच म्हणाल्या, "रोज हेच सांगतात. रडतात. पोरं बुडली होती का हो यांची?" मी काय उत्तर दिलं आठवत नाही. मावशी गेल्यावर मी त्याचा हात धरला आणि शेवटी बोलले. म्हटलं, आजा, ती पोरं नव्हती, कोळंबी होती. आणि तू नाही मारलीस, मी मारली. मी औषध टाकलं होतं. तुझ्या मिठाने नाही मेली. परत परत सांगितलं, अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाला, "असा म्हनू नये, बाय. पोरीच्या जातीन आल अंगावर घेव नये. तुजा लगीन व्हायचा हाय." आणि आपले दोन्ही पंजे माझ्यासमोर उघडून धरले. "हे हात. यांनीच मारली."

पावसाळा संपता संपता तो गेला. बाबा, आई, मी, तिघंही गेलो. त्या मावशींनी त्याची पिशवी बाबांच्या हातात दिली आणि बाबांना तेच विचारलं जे मला विचारलं होतं. "किती मुलं गेली हो त्यांची? फार मनाला लावून घेतलं होतं त्यांनी." बाबा चक्रावले. "मुलं? मी एकटाच त्याचा. कुणी गेलं नाही." मग आईला म्हणाले, "बघ, डोकं किती गेलं होतं शेवटी." आई रडत होती. मी पायातल्या चपलेकडे बघत होते. तो दुसरा मोका होता, आणि तेव्हा खोलीचा प्रश्नही नव्हता. तेव्हा मी का बोलले नाही, ह्याला माझ्याकडे एवढंसुद्धा उत्तर नाही.

टाकी मी परत लावली नाही. आता आईही नाही. माझे केस पांढरे झालेत, आणि बाबा म्हातारे होऊन माझ्याकडे असतात, त्याच घरात, त्याच खोलीत. त्यांची स्मरणशक्ती खणखणीत आहे. कुणाकडे कधी काय बोलले, कोणत्या ट्रकचा नंबर काय होता, सगळं आठवतं. रात्री कानात बोळे घालून झोपतात आणि सकाळी पेपर शेवटपर्यंत वाचतात. फक्त महिन्या-दोन महिन्यांनी, जेवताना मधेच हात थांबतो आणि ते विचारतात, "मी दादाला तिकडे ठेवला ते बरोबर केलं ना गं?" परवा परत विचारलं. समोर भात होता, वर सुकटीचं कालवण. त्यांचं वय आता, आज्याला रिक्षात बसवला तेव्हा त्याचं होतं तेवढं झालंय. "कोळंब्यांवरून ठेवला म्हणजे," ते म्हणाले, "एवढ्याशा कारणावरून."

मी म्हटलं, "बरोबरच केलंत, बाबा. तुम्ही तरी काय करणार होतात." ते समाधानाने मान हलवून जेवायला लागले.